कोकणातील हिवाळी धूर: कोणाचा, केव्हाचा आणि कमी कसा होईल

वाशिष्ठी खाडीच्या काठावरील एका गावातून ग्रामपंचायत सदस्यांनी विचारलेला प्रश्न असा आहे. डिसेंबरपासून पहाटे खाडीवर धुराचा थर दिसतो, काही रात्री रसायनाचा उग्र दर्प येतो आणि आंब्याच्या मोहरावर व पानांवर काळी पूड दिसते. गावकरी औद्योगिक वसाहतीला जबाबदार धरतात, तर कारखान्यांचे प्रतिनिधी गावातल्या भाजावळीकडे, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याकडे, आणि वणव्यांकडे बोट दाखवतात. यात खरे काय, आणि गावाच्या हातात काय आहे?

हवेच्या मोजणीचे आणि कारखान्यांतील प्रदूषण नियंत्रण यंत्रणा तपासण्याचे काम मी कोकणात अनेक वर्षे करीत आलो आहे, त्या आधारावर उत्तर देतो. दोन्ही बाजू अंशतः खऱ्या आहेत, परंतु एकाच वेळी खऱ्या नाहीत. भाजावळ साधारणपणे फेब्रुवारीच्या उत्तरार्धानंतर सुरू होते. त्यामुळे डिसेंबरच्या धुराचे खापर तिच्यावर फोडता येत नाही. त्याचप्रमाणे मार्चमध्ये डोंगर जळत असताना दिसणारा धूर कारखान्याचा म्हणणेही योग्य नाही. रात्रीचा दर्प, पहाटेचा थर, दुपारची धूळ आणि उन्हाळ्याच्या तोंडावरचा धूर ही चार वेगळी प्रकरणे आहेत. ती एकत्र करून केलेली तक्रार फेटाळणे कोणत्याही कार्यालयाला सोपे जाते, म्हणून आधी ती वेगळी करू.

सुरुवात वाऱ्यापासून करावी लागेल. समुद्र जवळ असल्यामुळे वारा सगळे उडवून नेतो, हा समज किनाऱ्यावर फार खोल रुजलेला आहे. जून ते सप्टेंबर या काळात तो बरोबर असतो, कारण नैर्ऋत्येकडून येणारी समुद्रावरची हवा तुलनेने स्वच्छ असते आणि तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस हवेतील कण सतत धुऊन काढतो. हिवाळ्यात मात्र दुपारी खारे वारे हवा पूर्वेकडे सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत ढकलतात आणि रात्री मतलई वारे तीच हवा खाडीच्या खोऱ्यातून पश्चिमेकडे, समुद्रावर नेतात. दुसऱ्या दिवशी तिच्यातील बराच भाग परत किनाऱ्यावर येतो. हवा अशी झोपाळ्यावर बसल्याप्रमाणे मागे-पुढे होत राहते आणि प्रत्येक हेलकाव्यात तिच्यात नवा धूर मिसळतो. रात्री जमीन लवकर थंड होते, जमिनीलगतची हवाही थंड व जड होते, आणि वर तिच्याहून उबदार हवा असल्यामुळे धूर वर चढू शकत नाही. सावित्री, जगबुडी आणि वाशिष्ठी यांच्या खोऱ्यांत डोंगरउतारावरून थंड हवा खाली सरकून साचते. पहाटे खाडीवर जो थर दिसतो तो याच साचलेल्या हवेतला धूर असतो. ऊन तापले की तो विरतो, पण त्याचे कण नाहीसे होत नाहीत, केवळ अधिक उंचीपर्यंत पसरतात.

ही केवळ एका खोऱ्याची गोष्ट नाही. १९९९ साली जानेवारी ते मार्च या काळात इंडोएक्स या आंतरराष्ट्रीय मोहिमेने हिंदी महासागरावरील हवेचा अभ्यास केला, तेव्हा भारतीय उपखंडातून निघालेले प्रदूषित धुके अरबी समुद्रावर शेकडो किलोमीटरपर्यंत पसरलेले आढळले. म्हणजे आपल्या किनाऱ्याला हिवाळ्यात समुद्राकडूनही पूर्णपणे निर्मळ हवा मिळत नाही. मुंबई, ठाणे, तळोजा, त्यापलीकडे वापी ते सुरत हा पट्टा आपल्या उत्तरेला आहे, आणि या ऋतूत किनाऱ्याला समांतर वाहणारे उत्तरेकडचे वारे त्यांचा काही वाटा दक्षिणेकडे आणतात. क्वचित त्याहूनही दूरची धूळ येते: २३ जानेवारी २०२२ रोजी पाकिस्तानच्या बाजूने आलेल्या धुळीने मुंबई व उत्तर कोकण झाकोळून गेले होते.

येथे कणांच्या आकाराचा मुद्दा समजून घेणे आवश्यक आहे, कारण दोष कोणाचा हे बऱ्याच अंशी त्यावरून ठरते. दहा मायक्रॉनपर्यंतचे कण पीएम १० आणि अडीच मायक्रॉनपर्यंतचे पीएम २.५ म्हणून मोजले जातात. रस्त्याची माती, चिरेखाणीचा भुगा आणि समुद्रफवाऱ्यातील मीठ बहुतांशी जाड कणांत मोडतात आणि काही तासांत खाली बसतात. ज्वलनातून निघालेले कण बारीक असतात, अनेक दिवस हवेत राहतात आणि फुप्फुसाच्या खोलवर पोहोचतात. यांखेरीज काही बारीक कण धुराड्यातून निघतच नाहीत. कोळसा किंवा फर्नेस ऑइल जळताना बाहेर पडलेल्या सल्फर डायऑक्साइडपासून ते हवेतच तयार होतात, आणि कोकणासारख्या दमट हवेत ही क्रिया वेगाने होते. म्हणून धुराड्याच्या तोंडाशी धूर दिसत नाही, एवढ्यावरून तो कारखाना निर्दोष ठरत नाही.

आता मोठे स्रोत. जयगडला १२०० मेगावॉटचा कोळशावर चालणारा वीजप्रकल्प आहे, डोलवीला पोलाद प्रकल्प आहे, धरमतर खाडीतून आणि जयगडच्या बंदरांतून कोळसा व खनिजाची वाहतूक होते. उंच धुराड्यांचा धूर रात्रीच्या थंड थराच्या वर सोडला जातो, त्यामुळे पायथ्याच्या गावाला तो लगेच जाणवत नाही. परंतु सकाळी ऊन चढताना वरची हवा खालच्या हवेत मिसळते तेव्हा तो काही किलोमीटर दूरच्या गावांत उतरतो. साडेनऊ-दहाच्या सुमारास अचानक घशात खवखव होत असल्याची तक्रार याच कारणाने येऊ शकते.

डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक वीजप्रकल्पांसाठी कण, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि पारा यांच्या कडक मर्यादा जाहीर झाल्या. पुढे अनेक मुदतवाढी मिळाल्या आणि जुलै २०२५ मध्ये केंद्राने देशातील बहुसंख्य प्रकल्पांना गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसविण्याच्या सक्तीतून सूट दिली. माझ्या मते किनाऱ्यासाठी हा निर्णय चुकीचा आहे. समुद्राचे पाणी मुळात अल्कधर्मी असल्यामुळे ते धुरातील गंधक शोषून घेऊ शकते, आणि आपल्याच किनाऱ्यावर याचे उदाहरण आहे. डहाणूच्या ५०० मेगावॉट प्रकल्पात समुद्राच्या पाण्यावर चालणारी अशी यंत्रणा २००७ मध्ये सुरू झाली. ती सहजासहजी झाली नाही. चिकूच्या बागांचा हा तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला होता, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले, आणि त्या प्राधिकरणाने पाठपुरावा केल्यामुळेच यंत्रणा उभी राहिली. वापरलेले पाणी समुद्रात सोडण्यापूर्वी त्यात पुरेशी हवा मिसळून त्याची आम्लता कमी करणे मात्र सक्तीचे असले पाहिजे, अन्यथा हवेचा त्रास मच्छीमारांच्या माथी मारल्यासारखे होईल.

गावाच्या मूळ तक्रारीचा अधिक मोठा भाग, निदान रात्रीच्या दर्पाचा, या मोठ्या धुराड्यांशी संबंधित नसून लोटे-परशुराम, महाड किंवा रोहा-धाटाव यांसारख्या वसाहतींतील मध्यम व लहान रासायनिक कारखान्यांशी असतो. येथे थोडे विस्ताराने सांगतो, कारण याविषयी बाहेर फार कमी बोलले जाते. रासायनिक अभिक्रियेतून निघणारे आम्लवायू, हायड्रोजन सल्फाइड, मरकॅप्टन (गंधकाचा उग्र वासाचा संयुगवर्ग), अमोनिया आणि सॉल्व्हंटच्या वाफा वातावरणात जाण्यापूर्वी स्क्रबरमधून, म्हणजे वायू द्रावणाने धुऊन काढणाऱ्या यंत्रणेतून, किंवा थंड पाण्याच्या कंडेन्सरमधून जाव्यात, अशी रचना असते. आम्लवायूंच्या स्क्रबरमध्ये कॉस्टिकचे (कॉस्टिक सोड्याचे) द्रावण फिरवावे लागते, त्याचा सामू (पीएच) टिकवावा लागतो, पंखा व पंप चोवीस तास चालवावे लागतात. या सगळ्याला खर्च येतो. रात्रपाळीत देखरेख कमी असते, द्रावण निकामी झालेले असते, कधी पंप बंद असतो. त्याच वेळी मतलई वारा आणि थंड हवेचा थर असल्यामुळे बाहेर पडलेला वायू उंच न जाता सरळ खोऱ्यात उतरतो. दिवसा कदाचित लक्षातही आले नसते तेवढे उत्सर्जन रात्री दोन वाजता संपूर्ण गावाला जागे करते. हायड्रोजन सल्फाइडचा वास तर हवेच्या एक अब्ज भागांत काही भाग एवढ्या अत्यल्प प्रमाणातही नाकाला कळतो.

ही चूक पकडण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. स्क्रबरसाठी स्वतंत्र वीजमीटर असेल तर तो किती तास चालला हे महिन्याच्या युनिटवरून समजते. खरेदी केलेले कॉस्टिक आणि झालेले उत्पादन यांचा ताळा लावला की स्क्रबर खरोखर चालला की केवळ नोंदवहीत चालला, हेही समजते. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांकडे गावाने धुराड्याच्या नमुन्याबरोबर या दोन नोंदींचीही मागणी केली पाहिजे, कारण नमुना घेण्याच्या दिवशी सर्व काही सुरळीतच असते.

वसाहतींतील लहान बॉयलर हा दुसरा दुर्लक्षित स्रोत आहे. कोळसा, लाकूड, ब्रिकेट किंवा फर्नेस ऑइल जाळणारे, अपुऱ्या उंचीच्या धुराड्यांचे हे बॉयलर नेमके त्या थंड थराच्या आत धूर सोडतात. दाभोळच्या टर्मिनलपासून पनवेलकडे जाणारी नैसर्गिक वायूची वाहिनी याच जिल्ह्यांतून जाते. एवढी सोय असताना वसाहतीतील बॉयलर वायूवर नेणे किंवा दहा लहान बॉयलरांऐवजी उत्तम गाळणी असलेला एक सामाईक बॉयलर उभारणे, हा खर्चाच्या मानाने सर्वाधिक परिणाम देणारा उपाय आहे असे माझे ठाम मत आहे. शेजारच्या सुरतमध्ये २०१९ पासून कारखान्यांच्या एकूण कण-उत्सर्जनावर मर्यादा घालून त्याच्या परवान्यांची खरेदी-विक्री करण्याची योजना राबविण्यात आली आणि सहभागी कारखान्यांचे उत्सर्जन सुमारे २० ते ३० टक्क्यांनी घटले. धुराड्यात अखंड मोजणारी उपकरणे बसविल्याशिवाय अशी योजना चालत नाही, आणि आपल्याकडे पहिली मागणी तीच असायला हवी.

धुळीविषयी फार लिहीत नाही. मुंबई-गोवा महामार्गाचे रेंगाळलेले रुंदीकरण, खडी क्रशर, हॉटमिक्स प्लांट आणि चिरेखाणी यांची धूळ त्रासदायक असली तरी तिचा पल्ला कमी असतो आणि उपायही सर्वांना माहीत आहेत: क्रशरला आच्छादन व पाण्याचे फवारे, ताडपत्रीने झाकलेले डंपर, आणि खाणीपासून डांबरी रस्त्यापर्यंतचा कच्चा तुकडा पक्का करणे. कामाच्या निविदेत ही तरतूद असते. ती अमलात आणून घेणे एवढेच काम उरते.

आता गावाच्या बाजूकडे वळू, आणि येथेही स्पष्टपणे बोलले पाहिजे. घरोघरी गॅस आला तरी कोकणातील बहुतेक घरांत आंघोळीचे पाणी आजही लाकडावर तापते. पहाटे पाच ते आठ या वेळेत प्रत्येक घरामागे चूल किंवा बंब पेटतो, त्यानंतर अंगण झाडून पातेरा (वाळलेला पालापाचोळा) आणि झावळ्या पेटविल्या जातात, त्यात प्लास्टिकच्या पिशव्याही जातात. हे सर्व दिवसातील सर्वात वाईट वेळी, थंड थराच्या तळाशी घडते. भारतातील बारीक कणांच्या स्रोतांवर झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासांत घरगुती लाकूड-गोवऱ्यांचे ज्वलन सर्वात मोठ्या वाट्यांपैकी एक ठरले आहे, आणि कोकणाची खेडी याला अपवाद नाहीत. सौर बंब हिवाळ्यात, म्हणजे नेमका जेव्हा धूर साचतो तेव्हा, येथे उत्तम चालतो. तो शक्य नसेल तर लाकूडफाटा पूर्ण वाळलेला वापरल्यानेही धुरात मोठा फरक पडतो. पातेरा जाळण्याऐवजी आंबा-काजूच्या आळ्यात आच्छादन म्हणून पसरला तर मातीतील ओलही टिकते. कचरा उघड्यावर जाळण्यास बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये त्यासाठी पाच हजार रुपये, आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये भरपाई ठरवून दिली होती. तथापि ग्रामपंचायतीने प्लास्टिक उचलण्याची व्यवस्था केल्याशिवाय दंडाची भाषा मला न्याय्य वाटत नाही.

भाजावळीचा दोष बहुधा वाढवून सांगितला जातो. भाजतात तो केवळ तरव्याचा, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेचा, तुकडा, म्हणजे साधारणपणे दहा गुंठ्यांच्या लावणीमागे एक गुंठा. तणांचे बी मरावे आणि राखेचे खत मिळावे, हा त्यामागील शेतकऱ्याचा विचार निराधार नाही. गादीवाफ्यावर कुजलेले शेणखत वापरून चांगला तरवा तयार होतो, आणि नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा राइस तंत्रात तर तरवा आणि लावणी दोन्ही लागत नाहीत. हे पर्याय प्रात्यक्षिकाने दाखवावेत. सक्ती करू नये. वणव्यांबाबत मात्र अशी मवाळ भूमिका घेता येत नाही. नवे गवत फुटावे म्हणून किंवा निष्काळजीपणाने लावलेली आग एका रात्रीत अनेक डोंगर जाळते, काजूच्या बागा नेते आणि संपूर्ण गावाच्या वर्षभराच्या भाजावळीपेक्षा कितीतरी अधिक धूर करते. जानेवारी संपण्यापूर्वी जाळरेषा (आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढणे आणि फेब्रुवारी ते एप्रिल राखणदारीची पाळी लावणे, हे गाव व वन विभाग मिळून करू शकतात. काजू प्रक्रिया केंद्रांनी टरफले उघड्या भट्टीत जाळू नयेत. त्यातील दाहक तेलामुळे तो धूर डोळ्यांना व श्वसनमार्गाला विशेष त्रास देतो, आणि तेल काढणाऱ्यांकडे त्याच टरफलांना दाम मिळतो.

मोहरावरील काळ्या पुडीबाबत सावध राहावे. तुडतुड्यांनी सोडलेल्या चिकट गोड स्रावावर, म्हणजे ज्याला बागायतदार खार पडणे म्हणतात त्यावर, काळी बुरशी वाढते आणि ती दिसायला हुबेहूब काजळीसारखी असते. ती चिकट असते, पापुद्र्यासारखी सुटते आणि केवळ झाडावरच आढळते. कोळशाची किंवा राखेची पूड कौलांवर, खिडकीच्या काचेवर आणि पाण्याच्या टाकीच्या झाकणावरही सापडते. बागेत व बागेबाहेर मोकळ्यावर काचेच्या स्वच्छ पट्ट्या आठवडाभर ठेवून पाहाव्यात. सूक्ष्मदर्शकाखाली दगडी कोळशाची उडती राख काचेच्या बारीक गोळ्यांसारखी दिसते, बुरशीचे धागे असतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडून पानांची तपासणी करून घेतली म्हणजे वाद मिटतो. बुरशीला कारखान्याची राख म्हणून केलेली एक तक्रार खोटी ठरली, तर त्या गावाच्या पुढच्या खऱ्या तक्रारींवरही विश्वास राहत नाही.

मोजणीचीही एक अडचण आहे. राष्ट्रीय हवा निरीक्षण कार्यक्रमाच्या हाताने चालविल्या जाणाऱ्या केंद्रांवर आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला १०४ नमुने घेतले जातात आणि ते चोवीस तासांच्या सरासरीचे असतात. रात्री दोनचा वायू त्यात बुडून जातो. वार्षिक सरासरी त्याहून फसवी ठरते. समजा पावसाळ्याच्या चार महिन्यांत पीएम २.५ चे प्रमाण १५, उन्हाळ्यात ३५ आणि हिवाळ्यात ७० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर राहिले, तर वर्षाची सरासरी ४० येते, म्हणजे २००९ च्या राष्ट्रीय मानकाच्या बरोबर मर्यादेवर. कागदावर सारे नियमात. प्रत्यक्षात हिवाळाभर ६० ही दैनिक मर्यादा ओलांडलेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तर वार्षिक ५ ही पातळी सुचविली आहे. म्हणून आकडे मागताना महिन्यावार मागावेत.

स्वस्त संवेदक घेऊन स्वतः मोजायचे असेल तर जरूर मोजावे, परंतु आर्द्रता ८० ते ८५ टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी शोषून फुगतात आणि प्रकाशावर चालणारे हे उपकरण खऱ्यापेक्षा बरेच जास्त आकडे दाखवते. पहाटेच्या दवातील आकडा तक्रारीत पुरावा म्हणून देऊ नये. पीएम २.५ हे पीएम १० च्या निम्म्याहून बरेच अधिक असेल तर ज्वलनाचा संशय घ्यावा, एक तृतीयांशाच्या आसपास असेल तर धुळीचा.

वसाहतीत नवा प्रकल्प किंवा विस्तार येत असेल तर २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणी लागू आहे का ते प्रथम तपासावे. पर्यावरण आघात अहवालासाठी हवेची मूळ स्थिती बहुधा पावसाळा सोडून एका ऋतूत, तीन महिने मोजली जाते, आणि त्यासाठी मार्च ते मे हा काळ निवडलेला अनेकदा दिसतो. त्या दिवसांत खारे वारे जोरात असतात आणि हवा उंचापर्यंत मिसळते, त्यामुळे आकडे चांगले येतात. कोकणातील खोऱ्यांसाठी मोजणी डिसेंबर ते फेब्रुवारीतच व्हावी, अशी लेखी हरकत सुनावणीपूर्वीच नोंदवावी.

शेवटी, या हिवाळ्यासाठी गावाने काय करावे ते सांगतो. नोव्हेंबरमध्येच खाडीच्या दोन्ही बाजूंच्या गावांतून आठ-दहा विश्वासू लोक निवडून वासाची नोंदवही सुरू करावी. तारीख, वेळ, वासाचा प्रकार, किती वेळ टिकला आणि धूर किंवा ध्वज कोणत्या दिशेला सरकत होता, एवढेच लिहावे, कोणाचे नाव लिहू नये. दोन गावांच्या नोंदी एकाच वेळी जुळल्या की दिशा आपोआप उलगडते. दरम्यान ग्रामसभेत पहाटे पातेरा न जाळण्याचा ठराव करून तो पाळावा, म्हणजे पहाटेच्या थरातील आपला वाटा किती होता हे आपल्यालाही कळेल. फेब्रुवारीअखेर या नोंदी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला द्याव्यात आणि १९८१ च्या हवा कायद्याखाली दिलेल्या संमतीपत्रांच्या प्रती, त्यातील बॉयलरचे इंधन व धुराड्याची उंची, तसेच स्क्रबरच्या वीज आणि कॉस्टिकच्या नोंदी माहितीच्या अधिकारात मागाव्यात; तीस दिवसांत उत्तर न आल्यास प्रथम अपील करावे.